मर्जीचा अधिकार आणि मनमानीची सीमा

७ डिसेंबर २००६ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्यातील एका अधिकाऱ्याने देशाच्या निरनिराळ्या भागांतील सात सरकारी वकिलांना दूरध्वनी केले. निरोप सर्वांसाठी एकच होता. आपण राजीनामा द्यावा, प्रशासनाला त्या जागी दुसरी व्यक्ती नेमायची आहे. ज्यांनी कारण विचारले त्यांना कारण सांगण्यात आले नाही. हे सातही जण तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्याच नियुक्तीचे होते, आणि राष्ट्राध्यक्षांना त्यांना पदावरून दूर करण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला होता. बहुतेकांनी निमूटपणे निघून जायचे ठरवले.

तरीही पुढील नऊ महिन्यांत या सात दूरध्वनींमुळे न्याय खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकामागून एक पदे सोडावी लागली आणि अखेरीस खात्याचे प्रमुख, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालिस यांनाही राजीनामा द्यावा लागला. जे करण्याचा अधिकार निर्विवाद होता, ते केल्याबद्दल एवढे रण का माजले? या प्रश्नाचे उत्तर केवळ अमेरिकेपुरते मर्यादित नाही. ‘मर्जी असेपर्यंत’ चालणारे पद आणि त्या पदावरील व्यक्तीकडून अपेक्षित असलेली निःपक्षता या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हा प्रत्येक लोकशाहीपुढील प्रश्न आहे.

पद कोणते, अधिकार कोणाचा?

अमेरिकेतील संघीय न्यायव्यवस्था ९४ जिल्ह्यांत विभागलेली आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी एक ‘युनायटेड स्टेट्स अ‍ॅटर्नी’ असतो. ग्वाम आणि नॉर्दर्न मारियाना बेटे या दोन जिल्ह्यांसाठी मिळून एकच असल्याने एकूण पदे ९३ आहेत. पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत, १७८९ साली झालेल्या न्यायव्यवस्थाविषयक कायद्याने हे पद निर्माण झाले. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट त्यास संमती देते, मुदत चार वर्षांची असते, आणि राष्ट्राध्यक्ष या वकिलास दूर करू शकतात, असे कायद्यात एका ओळीत म्हटले आहे. कारण द्यावे, असे तेथे म्हटलेले नाही.

आपल्याकडील सरकारी वकिलाशी या पदाची तुलना करताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. आपल्याकडे तपास पोलीस करतात, आरोपपत्रही तेच दाखल करतात, आणि सरकारी वकील तो खटला न्यायालयात चालवतो. अमेरिकेतील संघीय सरकारी वकिलाचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. कोणत्या तक्रारीचा पाठपुरावा करायचा, कोणते प्रकरण ज्यूरीपुढे न्यायचे, कोणावर आरोप ठेवायचा आणि कोणते प्रकरण पुराव्याअभावी बंद करायचे, हे तोच ठरवतो. १ एप्रिल १९४० रोजी तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनी या वकिलांपुढे केलेले भाषण आजही उद्धृत केले जाते. नागरिकाचे आयुष्य, स्वातंत्र्य आणि लौकिक यांवर सरकारी वकिलाएवढी सत्ता देशात अन्य कोणाचीही नसते, हा त्या भाषणाचा गाभा होता. आधी माणूस निवडून मग त्याच्यासाठी गुन्हा शोधणे, हा त्या सत्तेचा सर्वांत घातक दुरुपयोग, असा इशाराही त्यांनी दिला होता.

नवा राष्ट्राध्यक्ष आला की जुन्या राष्ट्राध्यक्षाने नेमलेले वकील बदलतात, ही तेथील रूढ प्रथा आहे. १९९३ साली बिल क्लिंटन सत्तेवर आल्यावर अ‍ॅटर्नी जनरल जॅनेट रीनो यांनी सर्वांकडून राजीनामे मागितले होते. २००७ साली बुश यांच्या समर्थकांनी याच दाखल्याचा आधार घेतला. क्लिंटन यांनी सर्वांना काढले, मग बुश यांनी मोजक्यांना काढले तर बिघडले काय, असा त्यांचा सवाल होता. प्रथमदर्शनी तो रास्त वाटतो. परंतु सत्तांतरानंतर सरसकट सर्वांना बदलणे आणि कारकिर्दीच्या मध्यावर स्वतःच नेमलेल्यांपैकी काहींना वेचून काढणे या गोष्टी भिन्न आहेत. सरसकट बदलात कोणा एकाच्या टेबलावरील विशिष्ट प्रकरण लक्ष्य होत नाही. वेचून काढण्यात ‘हाच का?’ हा प्रश्न अटळ असतो.

यादी कशी तयार झाली?

त्या यादीचे मूळ २००५ च्या प्रारंभी सापडते. बुश यांची दुसरी कारकीर्द सुरू होत होती आणि सर्व ९३ वकील बदलावेत, असा विचार व्हाइट हाउसमध्ये मांडला गेला. अ‍ॅटर्नी जनरलचे निकटचे सहायक काइल सॅम्पसन यांनी त्याऐवजी काही जणांपुरताच बदल करण्याचा पर्याय पुढे केला. वकिलांचे मूल्यमापन करणारी एक तालिका त्यांनी तयार केली. तिच्या निकषांत कामगिरीबरोबरच राष्ट्राध्यक्ष आणि अ‍ॅटर्नी जनरल यांच्याप्रति असलेली निष्ठाही होती. पुढील जवळपास दोन वर्षे त्या यादीत नावे येत राहिली, गळत राहिली. हे निर्णय कोणत्या कागदपत्रांच्या आधारे झाले, त्याची नीट नोंद ठेवली गेली नाही.

डिसेंबरमधील सात जणांपूर्वीही दोघांना जाण्यास सांगण्यात आले होते. मिसुरीतील टॉड ग्रेव्ह्ज यांना २००६ च्या जानेवारीत, तर आर्कान्सातील बड कमिन्स यांना त्याच वर्षीच्या जूनमध्ये. कमिन्स यांच्या जागी टिम ग्रिफिन यांना आणण्यात आले. राष्ट्राध्यक्षांचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह यांचे सहायक म्हणून त्यांनी काम केले होते. कमिन्स यांच्या कामात कसूर नव्हती, ग्रिफिन यांना संधी द्यायची होती, हे पुढे न्याय खात्यानेच मान्य केले.

टेबलावर कोणती प्रकरणे होती?

या वादाचा सर्वांत बोलका भाग न्यू मेक्सिको राज्यात घडला. तेथील सरकारी वकील डेव्हिड इग्लेसियस यांच्या कार्यालयात डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका स्थानिक नेत्याशी संबंधित भ्रष्टाचाराचा तपास सुरू होता. नोव्हेंबर २००६ च्या निवडणुका जवळ आल्या होत्या आणि रिपब्लिकन पक्षाच्या प्रतिनिधी हेदर विल्सन यांची लढत अत्यंत चुरशीची होती. ऑक्टोबरमध्ये इग्लेसियस यांना प्रथम विल्सन यांचा आणि नंतर सिनेटर पीट डोमेनिची यांचा दूरध्वनी आला. त्या तपासात पुढे काय होणार, हे दोघांनाही जाणून घ्यायचे होते. इग्लेसियस यांच्या शपथेवरील साक्षीनुसार, आरोपपत्र नोव्हेंबरपूर्वी येणार का, अशी विचारणा डोमेनिची यांनी केली, आणि तशी शक्यता नाही म्हटल्यावर खेद व्यक्त करून दूरध्वनी ठेवून दिला. आपण कोणताही दबाव आणला नसल्याचे दोन्ही नेत्यांनी सांगितले. विल्सन नऊशेहून कमी मतांनी निवडून आल्या. इग्लेसियस यांचे नाव मात्र यादीत दाखल झाले.

वॉशिंग्टन राज्यातील जॉन मॅके यांची पार्श्वभूमी वेगळी होती. २००४ साली तेथील गव्हर्नरपदाची निवडणूक फेरमोजणीअंती अवघ्या १२९ मतांनी डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या पारड्यात गेली. मतदानात गैरप्रकार झाल्याची रिपब्लिकन कार्यकर्त्यांची तक्रार होती. फौजदारी खटला उभा राहील असा पुरावा नाही, असा निष्कर्ष मॅके यांनी काढला. पुढे न्यायाधीशपदासाठी व्हाइट हाउसमध्ये झालेल्या मुलाखतीत आपल्याला याच निवडणुकीविषयी विचारले गेले, असे त्यांनी सांगितले. अधिकृत चौकशी अहवालाने मात्र खात्यातील वरिष्ठांशी झालेल्या एका प्रशासकीय वादालाही त्यांच्या हकालपट्टीत महत्त्व दिले.

दक्षिण कॅलिफोर्नियातील कॅरल लॅम यांच्या प्रकरणाने वृत्तपत्रांचे मथळे सर्वाधिक व्यापले. रिपब्लिकन प्रतिनिधी रँडी कनिंगहॅम यांच्यावर लाचखोरीचा खटला त्यांच्याच कार्यालयाने चालवला होता. किमान २४ लाख डॉलरची लाच घेतल्याची कबुली देणाऱ्या कनिंगहॅम यांना मार्च २००६ मध्ये आठ वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली. तपासाचे धागे पुढे गुप्तचर संस्थेच्या एका उच्चाधिकाऱ्यापर्यंत पोहोचले. लॅम यांनी बेकायदा स्थलांतर आणि शस्त्रास्त्रविषयक गुन्ह्यांचे पुरेसे खटले दाखल केले नाहीत, असे खात्याचे म्हणणे होते. कनिंगहॅम खटल्याचा सूड म्हणून त्यांना काढले, असा संशय सर्वत्र व्यक्त झाला, परंतु चौकशीत त्याला पुरावा आढळला नाही. वादाच्या धुरळ्यात ही नोंद सहसा विसरली जाते. प्रत्येक हकालपट्टीमागे कट होता, असे सिद्ध झालेले नाही. परंतु खरे कारण सांगण्याची तयारीच नसल्याने प्रत्येक हकालपट्टी संशयास्पद ठरली.

कायद्यातील एक फट

या घटनाक्रमाला कायद्याची एक किनार होती, आणि तिचे महत्त्व पुढे कित्येक वर्षांनी उमगले. पद रिकामे झाल्यास अ‍ॅटर्नी जनरल हंगामी वकील नेमू शकतात, परंतु १२० दिवसांत सिनेटची संमती मिळालेला वकील न आल्यास पुढील हंगामी नियुक्तीचा अधिकार त्या जिल्ह्यातील न्यायालयाकडे जातो, अशी तरतूद १९८६ पासून होती. दहशतवादविरोधी ‘पॅट्रियट’ कायद्याचे मार्च २००६ मध्ये नूतनीकरण झाले, तेव्हा ही १२० दिवसांची मर्यादा काढून टाकण्यात आली. परिणामी हंगामी नेमलेला वकील सिनेटपुढे न जाताही अनिश्चित काळ पदावर राहू शकत होता.

आर्कान्सातील ग्रिफिन यांची नियुक्ती याच मार्गाने झाली. सिनेटरांशी चर्चा लांबवत ठेवून काळ काढता येईल, अशा आशयाचा सॅम्पसन यांचा ईमेल उघड झाल्यावर दोन्ही पक्षांचे सिनेटर संतापले. जुनी मर्यादा पूर्ववत करणारे विधेयक सिनेटने ९४ विरुद्ध २ मतांनी संमत केले आणि १४ जून २००७ रोजी बुश यांनीच त्यावर स्वाक्षरी केली. पक्षभेदाच्या वातावरणात असा निकाल क्वचितच दिसतो. आपली संमती देण्याचा हक्क हिरावला जात आहे, हे लक्षात येताच सिनेट एक झाले होते.

खुलासे बदलत गेले

नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने दोन्ही सभागृहांतील बहुमत गमावले. जानेवारीपासून समित्यांची सूत्रे डेमोक्रॅटिक पक्षाकडे आली आणि त्याबरोबर साक्षीदारांना बोलावण्याचा व कागदपत्रे मागवण्याचा अधिकारही आला. सत्ताबदल झाला नसता तर ही हकालपट्टी स्थानिक वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवरच राहिली असती.

६ फेब्रुवारी २००७ रोजी उपअ‍ॅटर्नी जनरल पॉल मॅकनल्टी यांनी सिनेट समितीला सांगितले की, कमिन्स वगळता इतरांना कामगिरीच्या कारणावरून दूर करण्यात आले. हे एक विधान सरकारला सर्वांत महाग पडले. तोवर बहुतेक वकील मौन पाळून होते. राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने आलो, त्यांच्या मर्जीने निघालो, अशी त्यांची भूमिका होती. परंतु आपल्या कामाला जाहीरपणे कमी लेखले गेल्याचे पाहून ते बोलू लागले. त्यांच्यापैकी बहुतेकांचे खातेअंतर्गत मूल्यमापन चांगले होते. ६ मार्च रोजी त्यांनी दोन्ही सभागृहांच्या समित्यांपुढे साक्षी दिल्या.

त्यानंतर खुलासे एकामागून एक कोसळू लागले. हे खात्यांतर्गत कर्मचारीविषयक किरकोळ प्रकरण असल्याचे गोन्झालिस यांनी प्रथम सांगितले. १३ मार्चला चुका झाल्याचे मान्य केले, मात्र या विषयावरील चर्चेत आपण सहभागी नव्हतो, असाही दावा केला. दहाच दिवसांत उघड झालेल्या कागदपत्रांनुसार, हकालपट्टीची योजना ठरवणाऱ्या २७ नोव्हेंबर २००६ च्या बैठकीस ते स्वतः उपस्थित होते. १९ एप्रिलच्या सुनावणीत त्यांनी साठहून अधिक वेळा ‘आठवत नाही’ असे उत्तर दिले. सॅम्पसन यांनी मार्चमध्येच पद सोडले होते. मॅकनल्टी यांनी मे महिन्यात राजीनामा जाहीर केला. खात्यातील एक अधिकारी मोनिका गुडलिंग यांनी, कनिष्ठ पदांवरील नेमणुकांतही आपण उमेदवारांची राजकीय मते विचारात घेतली, अशी कबुली दिली. २७ ऑगस्टला गोन्झालिस यांनी राजीनामा जाहीर केला.

चौकशीतून काय निघाले?

सप्टेंबर २००८ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल प्रसिद्ध झाला. डिसेंबरमधील सात आणि त्याआधीचे दोन अशा एकूण नऊ जणांच्या हकालपट्टीची ही प्रक्रिया मुळातच सदोष होती, वरिष्ठांनी तिच्यावर देखरेख ठेवली नाही, आणि खात्याने दिलेली अनेक कारणे दिशाभूल करणारी होती, असा त्याचा निष्कर्ष होता. इग्लेसियस यांची हकालपट्टी राज्यातील रिपब्लिकन नेत्यांच्या तक्रारींमुळे झाली, असे अहवालाने म्हटले. व्हाइट हाउसने काही साक्षीदार व कागदपत्रे उपलब्ध करून न दिल्याने पूर्ण सत्य समोर आले नाही, अशीही नोंद त्यात आहे. दरम्यान, राष्ट्राध्यक्षांच्या माजी विधी सल्लागार हॅरिएट मायर्स यांनी समितीपुढे येण्यास नकार दिला होता. ३१ जुलै २००८ रोजी संघीय न्यायाधीश जॉन बेट्स यांनी त्यांना साक्षीतून संपूर्ण सूट नाही, असा निर्णय दिला.

फौजदारी अंगाने तपास करण्यासाठी नोरा डॅनेही यांची नियुक्ती झाली. जुलै २०१० मध्ये, म्हणजे डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षांच्या काळात, त्या तपासाचा शेवट झाला. कोणावरही खटला भरण्याजोगा पुरावा नाही, असे न्याय खात्याने काँग्रेसला कळवले.

म्हणजे कायद्याच्या काटेकोर अर्थाने गुन्हा सिद्ध झाला नाही. मग चुकले काय? कारण न देता दूर करण्याचा अधिकार म्हणजे कोणत्याही कारणासाठी दूर करण्याचा अधिकार नव्हे. हा भेद विसरला गेला. धोरण बदलले, कामाविषयी नाराजी आहे, नव्या माणसाला वाव द्यायचा आहे, ही कारणे मर्जीच्या कक्षेत येतात. निवडणुकीपूर्वी विरोधकावर खटला भरला नाही, हे कारण त्या कक्षेत बसत नाही. आणि नुकसान केवळ गेलेल्या माणसाचे होत नाही. त्याच्या जागी येणारा आणि शेजारच्या जिल्ह्यात बसलेला वकील पुढचा निर्णय घेताना पुरावा पाहील की वरिष्ठांची भुवई, हा खरा प्रश्न असतो. उद्या एखाद्या राजकारण्यावर रास्त खटला भरला गेला तरी लोक त्यात सूडच पाहतील.

त्या १२० दिवसांचे पुनरागमन

२००७ साली पूर्ववत झालेली मर्यादा २०२५ साली पुन्हा चर्चेत आली. व्हर्जिनिया राज्याच्या पूर्व जिल्ह्यातील हंगामी सरकारी वकील एरिक सीबर्ट यांनी १९ सप्टेंबर रोजी पद सोडले. आपणच त्यांना काढल्याचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जाहीरपणे सांगितले. त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्षांच्या माजी खासगी वकील लिंडसे हॅलिगन आल्या. त्यांना सरकारी वकिलीचा पूर्वानुभव नव्हता. काही दिवसांतच तपास संस्थेचे माजी संचालक जेम्स कोमी यांच्यावर, आणि पुढे न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्यावर आरोप ठेवले गेले. दोघेही ट्रम्प यांचे जाहीर विरोधक.

२४ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायाधीश कॅमेरॉन करी यांनी दोन्ही खटले रद्दबातल ठरवले. आरोप खरे की खोटे, या प्रश्नात त्या शिरल्याच नाहीत. सीबर्ट यांच्या वेळीच १२० दिवस संपले होते, त्यामुळे पुन्हा हंगामी नियुक्ती करण्याचा अधिकार अ‍ॅटर्नी जनरलकडे उरला नव्हता, असा त्यांच्या निर्णयाचा आधार होता. नियुक्तीच अवैध, म्हणून तिच्यातून निघालेले आरोपही अवैध. इग्लेसियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हकालपट्टीतून संसदेने धडा घेऊन जी मर्यादा पुन्हा घातली, तीच अठरा वर्षांनी निर्णायक ठरली.

आपल्याकडील दोन निर्णय

मर्जी आणि मनमानी यांतील रेषा भारतात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आखली आहे. उत्तर प्रदेश सरकारने फेब्रुवारी १९९० मध्ये एका परिपत्रकाद्वारे राज्यातील सर्व जिल्ह्यांच्या सरकारी वकिलांची नियुक्ती एकदम संपुष्टात आणली. श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. सरकारी वकिलाच्या पदात सार्वजनिक हिताचा अंश असतो, आणि राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदातील समानतेच्या तत्त्वानुसार अशी सरसकट, कारणहीन कृती टिकत नाही, असे न्यायालय म्हणाले. अमेरिकेत प्रथा म्हणून स्वीकारला गेलेला सरसकट बदल आपल्याकडे घटनाबाह्य ठरला, हे लक्षणीय आहे.

दुसऱ्या निर्णयाशी गोव्याचा थेट संबंध आहे. केंद्रात सत्तांतर झाल्यावर २ जुलै २००४ रोजी उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा या चार राज्यांच्या राज्यपालांना पदावरून दूर करण्यात आले. गोव्याचे राज्यपाल तेव्हा केदारनाथ साहनी होते. राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात, असे घटनाच सांगते. ७ मे २०१० रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बी. पी. सिंघल खटल्यात या मर्जीचा अर्थ स्पष्ट केला. राज्यपालांना कारण न सांगता केव्हाही दूर करता येईल, मात्र हा अधिकार मनमानीने, लहरीने वा गैरहेतूने वापरता येणार नाही. केंद्रातील सरकार बदलले किंवा राज्यपालांची विचारसरणी केंद्राशी जुळत नाही, ही कारणे पुरेशी नाहीत. मनमानी झाल्याचे प्रथमदर्शनी दिसल्यास न्यायालय कारणे मागवू शकेल.

राज्यपालांचे पद वेगळे आणि सरकारी वकिलाचे पद वेगळे. परंतु दोन्ही पदांवरील व्यक्तीला नेमणारा सत्ताधारी असतो, आणि नेमणुकीनंतर तिची बांधिलकी नेमणाऱ्याशी नव्हे, तर पदाशी असावी, अशी अपेक्षा असते. म्हणूनच अशी बातमी पुन्हा येईल तेव्हा काढण्याचा अधिकार कोणाचा होता, एवढे विचारून भागणार नाही. त्या दिवशी काढलेल्या व्यक्तीच्या टेबलावर कोणते प्रकरण होते आणि दिलेले कारण दुसऱ्या दिवशीही तेच राहिले का, हेही नागरिकांना विचारावे लागेल. गोन्झालिस यांचे पद गेले ते या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता आले नाही म्हणून.